राज्यपाल: सही कुणाची, वेळ कुणाची?

तमिळनाडूच्या विधानसभेनं मंजूर केलेली दहा विधेयकं राज्यपालांकडे अडकली होती. त्यातली काही तर २०२० सालची. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी निकाल दिला की ही दहाही विधेयकं मंजूर झाली असं समजायचं. पुढच्या विधेयकांसाठी राज्यपालांना मुदतही आखून दिली, कुठे एक महिना तर कुठे तीन. मे महिन्यात राष्ट्रपतींनी याच विषयावर न्यायालयाला चौदा प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दिली: न्यायालय राज्यपालांना अशी मुदत घालून देऊ शकत नाही, आणि 'मंजूर झालं असं समजा' हा प्रकार घटनेत बसत नाही.

साडेसात महिन्यांत दोन उलटी उत्तरं आल्यावर सामान्य वाचक गोंधळणारच. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं की राज्यपाल हे नामधारी प्रमुख, खरा कारभार मुख्यमंत्र्यांचा. मग नामधारी माणसाच्या टेबलावर विधेयकं वर्षानुवर्षं अडकतात कशी?

पुस्तकातलं वाक्य चूक नाही, अपुरं आहे. राज्यपालांना स्वतःहून ठरवायचे अधिकार खरोखरच थोडे आहेत. पण बऱ्याच गोष्टी त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत आणि ती सही किती दिवसांत करायची हे घटनेनं बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. राज्यपालांवरून गेल्या काही वर्षांत झालेली भांडणं नीट पाहिली, तर त्यातली बरीचशी 'हो की नाही' यावरची नसून 'कधी' यावरची आहेत.

## नेमतं कोण, काढतं कोण

राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. पात्रता दोनच: भारताचं नागरिकत्व आणि वयाची पस्तीस वर्षं पूर्ण. पदावर असताना आमदार-खासदार राहता येत नाही. एकाच व्यक्तीला दोन राज्यं सांभाळायला देता येतात, ही सोय १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं झाली.

मुदत पाच वर्षांची म्हणतात, पण घटनेतलं आधीचं वाक्य असं आहे की राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर राज्यपाल पदावर राहतील. ही मर्जी म्हणजे केंद्रातल्या सरकारची मर्जी. त्यामुळे दिल्लीत सत्ता बदलली की राजभवनांत आवराआवर सुरू होते. १९८९ मध्ये झाली, २००४ मध्ये झाली, २०१४ मध्येही झाली. त्या वर्षी महाराष्ट्राचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांची बदली मिझोरामला करण्यात आली. तिकडे जाण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की केवळ केंद्रातलं सरकार बदललं किंवा राज्यपालांचे विचार नव्या सरकारशी जुळत नाहीत म्हणून त्यांना काढता येणार नाही. पण राजीनामा 'सुचवला' गेला आणि दिला गेला, तर न्यायालयात जायचं कुणी?

या नेमणुकांचं राजकारण महाराष्ट्राला अनोळखी नाही. बापूजी अणे बिहारचे राज्यपाल होते, काकासाहेब गाडगीळ पंजाबचे. वसंतदादा पाटील १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून उतरले आणि काही महिन्यांत राजस्थानच्या राजभवनात गेले. पुढे त्याच राजभवनातून प्रतिभाताई पाटील थेट राष्ट्रपती भवनात पोचल्या, आणि २०२४ मध्ये हरिभाऊ बागडे तिथे गेले. सन्मान म्हणून, सोय म्हणून किंवा राज्याच्या राजकारणातून अलगद बाजूला काढण्यासाठी, अशा सगळ्या कारणांनी हे पद वापरलं गेलं आहे आणि यात कुठलाही पक्ष मागे नाही.

## सल्ला म्हणजे सूचना नव्हे

घटनेच्या १६३ व्या कलमात म्हटलंय की राज्यपालांना 'साहाय्य व सल्ला' देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. हे वाचून वाटतं की सल्ला पटला तर घ्यायचा, नाही तर सोडून द्यायचा. तसं नाही. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं हे स्पष्ट केलं: काही अपवाद सोडले तर मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक आहे. अधिवेशन बोलावणं, वटहुकूम काढणं, नेमणुका करणं हे सगळं राज्यपालांच्या नावानं होतं, पण ठरवतं मंत्रिमंडळ.

लग्नातल्या गुरुजींचं उदाहरण घ्या. अंतरपाट बाजूला करायला ते सांगतात, आणि तो बाजूला झाल्याशिवाय माळ पडत नाही. पण नवरा कोण आणि नवरी कोण हे ठरवणं त्यांचं काम नाही. समजा एखाद्या मांडवात गुरुजींनी मंगलाष्टकं लांबवतच नेली. 'हे लग्न मला मान्य नाही' असं ते एकदाही म्हणालेले नसतात, तरी लग्न लागलेलं नसतं आणि पंगत खोळंबलेली असते.

अपवाद कुठले? त्रिशंकू विधानसभेत सरकार बनवायला कुणाला बोलवायचं, राष्ट्रपती राजवटीसाठी केंद्राला अहवाल द्यायचा का, एखादं विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवायचं का, अशा मोजक्या ठिकाणी राज्यपालांना स्वतःच्या विवेकानं वागता येतं. याला स्वेच्छाधिकार म्हणतात. खुद्द मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला परवानगी द्यायची असेल, तर तिथे मंत्रिमंडळाचा सल्ला घेऊन काय उपयोग? महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले बॅरिस्टर अंतुले यांच्या प्रकरणात १९८२ मध्ये हाच मुद्दा आला आणि हा निर्णय राज्यपालांनी स्वतःच्या विवेकानं घ्यायचा हे मान्य झालं. २००९ मध्ये केरळात राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून तेव्हाचे माजी मंत्री पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला परवानगी दिली. ते राज्यपाल होते अमरावतीचे रा. सु. गवई. गंमत अशी की नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यपालांच्या अधिकारांवर मत देणाऱ्या घटनापीठाच्या अध्यक्षस्थानी त्यांचेच चिरंजीव, सरन्यायाधीश भूषण गवई होते.

## साहेबाच्या काळातलं पद

हे पद घटनेनं शून्यातून घडवलेलं नाही. मुंबईला कंपनी सरकारच्या काळापासून गव्हर्नर आहेत, आणि ते नामधारी मुळीच नव्हते. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी इथल्या महसुलाची आणि न्यायाची घडी बसवली, ती गव्हर्नर म्हणूनच. त्यांचा मुक्काम तेव्हा परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये असे. सर जेम्स फर्ग्युसन, म्हणजे पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच, गव्हर्नर असताना १८८२ मध्ये त्यांच्या पत्नी परळच्या वाड्यात कॉलऱ्यानं वारल्या. त्यानंतर मुक्काम मलबार पॉइंटला हलला. परळच्या वाड्यात आज हाफकिन संस्था आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे १९३५ चा कायदा. त्यानं प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळं दिली, पण गव्हर्नरच्या हातात खास अधिकारही ठेवले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. गव्हर्नर खास अधिकार वापरून रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असं आश्वासन मिळाल्याशिवाय मंत्रिमंडळ बनवणार नाही, असं काँग्रेसनं बजावलं. ते मिळेना, तेव्हा गव्हर्नरनी धनजीशा कूपर यांना बोलावून बहुमत नसलेलं मंत्रिमंडळ उभं केलं. एप्रिल ते जुलै इतकंच ते टिकलं. व्हाइसरॉयच्या खुलाशानंतर बाळासाहेब खेर यांचं सरकार आलं. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि याच कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरनी प्रांताचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. आजच्या राष्ट्रपती राजवटीचं मूळ या कलमात आहे.

बहुमत कुणाकडे याचा फैसला होण्याआधी राजभवनातून शपथविधी उरकणं ही महाराष्ट्राला २०१९ मध्ये पहिल्यांदा पाहायला मिळालेली गोष्ट नाही, एवढं कूपर मंत्रिमंडळाच्या निमित्तानं लक्षात ठेवावं.

## निवडून द्यायचं ठरलं होतं, मग का बदललं?

संविधान सभेनं १९४७ मध्ये राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असं ठरवलं होतं. मे १९४९ च्या अखेरीस तो निर्णय फिरला. कारण सरळ होतं. मुख्यमंत्री लोकांच्या मतांवर येणार, राज्यपालही लोकांच्या मतांवर येणार, मग दोघांत कुणी कुणाचं ऐकायचं? अख्ख्या राज्याची मतं मिळवलेला राज्यपाल गप्प सह्या करत बसेल ही अपेक्षाच चुकीची. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, केंद्राचा हात राज्यांपर्यंत पोचावा असंही अनेकांना वाटत होतं. पंडित नेहरूंचं म्हणणं होतं की राजकारणाबाहेरची, मान्यवर, अलिप्त माणसं या पदावर यावीत.

डॉ. आंबेडकरांनी त्या चर्चेत एक फरक सांगितला, तो आजही उपयोगी आहे. राज्यपालांनी स्वतःच्या मनानं पार पाडायचं असं काम जवळजवळ नाही, पण त्यांची काही कर्तव्यं आहेत: मंत्रिमंडळाला माहिती विचारणं, सावध करणं, फेरविचार करायला सांगणं. नेमलेला राज्यपाल केंद्राचा हस्तक होईल अशी भीती तेव्हाही सभेत व्यक्त झाली होती. जेमतेम दहा वर्षांत, १९५९ मध्ये, केरळातलं नंबुद्रिपाद सरकार बहुमत असताना राष्ट्रपती राजवट आणून घालवण्यात आलं.

## बहुमत कुठे मोजायचं?

१९८९ मध्ये कर्नाटकात एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे आली. त्यातल्या काहींनी लगेच सांगितलं की आमची दिशाभूल करून सह्या घेतल्या. बोम्मई म्हणत होते, सभागृह बोलवा, बहुमत दाखवतो. राज्यपालांनी सभागृह न बोलावता केंद्राला अहवाल पाठवला आणि सरकार गेलं. मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी दिलेला बोम्मई निकाल म्हणजे या विषयातला मैलाचा दगड: बहुमत सभागृहात मोजायचं, राज्यपालांच्या दिवाणखान्यात नाही. शिवाय राष्ट्रपती राजवट न्यायालयाला तपासता येते हेही त्यानं पक्कं केलं. त्याआधी सरकारं बरखास्त करणं फार सोपं होतं. १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार दिल्लीत इंदिरा गांधी परतल्यावर असंच गेलं.

निवडणुकीनंतर कुणालाच बहुमत नसेल तर आधी कुणाला बोलवायचं? केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं १९८८ मध्ये क्रम सुचवला. निवडणुकीआधी झालेली युती पहिली, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरच्या आघाड्या. पण ही शिफारस आहे, कायदा नाही. त्यामुळे गोव्यात २०१७ मध्ये चाळीसपैकी सतरा आमदारांची काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष असूनही तेरा आमदारांच्या भाजपला, मित्रपक्षांच्या पत्रांवर, बोलावणं आलं. आणि पुढच्या वर्षी कर्नाटकात नेमकं उलटं झालं: निकालानंतर झालेल्या आघाडीकडे बहुमत असताना सर्वांत मोठा पक्ष म्हणून भाजपचे येडियुरप्पा शपथ घेऊन मोकळे झाले. राज्यपालांनी त्यांना बहुमतासाठी पंधरा दिवस दिले होते. न्यायालयानं ते एका दिवसावर आणले आणि मतदान न होताच सरकार पडलं.

पंधरा दिवस की एक दिवस, एवढाच प्रश्न होता. पंधरा दिवसांत आमदार फुटू शकतात, एका दिवसात ते अवघड असतं.

## २०१९: तासांचा हिशोब

महाराष्ट्राचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. निवडणुकीआधीची युती मुख्यमंत्रिपदावरून तुटली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी भाजपला विचारलं, भाजपनं नकार दिला. मग शिवसेनेला चोवीस तास मिळाले. शिवसेनेनं पाठिंब्याच्या पत्रांसाठी आणखी वेळ मागितला, तो मिळाला नाही. मग राष्ट्रवादीला विचारणा झाली आणि त्यांची मुदत पुरी संपायच्या आतच, १२ नोव्हेंबरला, राष्ट्रपती राजवट लागली.

२३ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या सुमारास ती उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते, पण कामकाजाच्या नियमांतल्या बाराव्या नियमानुसार पंतप्रधान तातडीच्या प्रसंगी एकट्यानं निर्णय घेऊ शकतात. तो नियम वापरला गेला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्या, मतदान गुप्त नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला.

एका पक्षाला जादा वेळ नाकारणं आणि नंतर भल्या पहाटे सगळं उरकणं, या दोन गोष्टींपैकी एकही घटनेच्या शब्दांविरुद्ध आहे असं पटकन दाखवता येत नाही. म्हणूनच त्या जास्त बोचतात.

## २०२२: चूक ठरली, पण सरकार परतलं नाही

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. एकनाथ शिंदेंसोबतचे आमदार गुवाहाटीला असताना राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. न्यायालयानं चाचणी थांबवायला नकार दिला आणि २९ जूनच्या रात्री ठाकरेंनी राजीनामा दिला.

११ मे २०२३ रोजी घटनापीठाचा निकाल आला. राज्यपालांनी चाचणी घ्यायला लावणं योग्य नव्हतं, कारण सरकारनं बहुमत गमावलं असं दाखवणारा वस्तुनिष्ठ आधार त्यांच्यापुढे नव्हता. पक्षांतर्गत भांडण सोडवणं हे राज्यपालांचं काम नाही. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्यानं त्यांना परत बसवता येत नाही, आणि पद रिकामं झाल्यावर शिंदेंना बोलावणं बरोबरच होतं. 'चूक होती, पण आता इलाज नाही' हे ऐकून अनेकांना चीड आली. कायद्याच्या तर्कात ते बसतं. तरी दहा-साडेदहा महिन्यांनी मिळालेल्या न्यायाचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

## उत्तरच न देणं

आता या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. विधान परिषदेत बारा जागा राज्यपालांनी नेमायच्या असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी त्या आहेत. (प्रत्यक्षात कुणाची वर्णी लागते ते वाचकांना माहीत आहे.) नावं मंत्रिमंडळ सुचवतं.

एप्रिल २०२० मध्ये मुख्यमंत्री ठाकरे कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते आणि सदस्य नसताना पदावर राहण्याची सहा महिन्यांची मुदत मे अखेरीस संपत होती. मंत्रिमंडळानं त्यांचं नाव दोनदा सुचवलं. होकारही आला नाही, नकारही आला नाही. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला परिषदेच्या रिकाम्या जागांची निवडणूक घेण्याची विनंती केली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये बारा नावांची यादी गेली. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की राज्यपालांनी वाजवी काळात निर्णय घ्यायला हवा. तरी हालचाल नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं ती यादी मागे घेतली आणि त्यातल्या सात जागा भरल्या गेल्या त्या थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

विधानसभेच्या अध्यक्षपदाचंही तेच. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राज्यपालांनी ठरवायची असते. महाविकास आघाडीनं गुप्त मतदानाऐवजी खुल्या मतदानाचा नियम केला, त्यावर राज्यपालांनी आक्षेप घेतला आणि तारीख आलीच नाही. सत्ता बदलल्यावर काही दिवसांत, ३ जुलै २०२२ रोजी, राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. तेही खुल्या मतदानानंच.

दयेच्या अर्जातही वेळ खेळते. राज्यपालांना शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे. मुंबईत गाजलेल्या नानावटी खटल्यातली माफी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या सहीनं मिळाली. राजीव गांधी हत्येतल्या पेरारिवलन याला सोडण्याची शिफारस तमिळनाडू मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०१८ मध्ये केली. राज्यपालांनी ती दोन वर्षांहून जास्त काळ ठेवली आणि मग राष्ट्रपतींकडे पाठवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच त्याची सुटका केली.

## विधेयकाचं नेमकं काय होतं?

सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. घटनापीठाच्या ताज्या मतानुसार त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत: संमती देणं, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं, किंवा संमती रोखून आपलं म्हणणं लिहून ते सभागृहाकडे परत पाठवणं. नुसतंच रोखून ठेवलं आणि परतही केलं नाही, अशी चौथी वाट नाही. धन विधेयक परत पाठवता येत नाही. परत आलेलं विधेयक सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं, तर राज्यपालांनी संमती रोखू नये असं घटनेत लिहिलं आहे.

राष्ट्रपतींकडे पाठवणं म्हणजे नेहमी अडवणूक असते असं नाही. फौजदारी कायदा हा केंद्र व राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय. राज्याला केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळी तरतूद करायची तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देऊ पाहणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक दिल्लीला गेलं ते याच कारणानं.

मग नोव्हेंबरच्या मतानं राज्यांच्या हातात उरलं काय? ठरावीक मुदत नाही. तीन वाटांपैकी कुठली घ्यायची यात राज्यपाल मंत्रिमंडळाला बांधील नाहीत आणि निवड बरोबर की चूक हे न्यायालय तपासणार नाही. पण कारण न देता दीर्घकाळ गप्प बसले, तर न्यायालय 'वाजवी काळात निर्णय घ्या' एवढा मर्यादित आदेश देऊ शकतं. म्हणजे प्रत्येक विधेयकासाठी राज्यानं आधी बरीच वाट पाहायची, मग दिल्लीला वकील लावायचा. माझ्या मते हे मत घटनेच्या शब्दांना धरून आहे आणि व्यवहारात राज्यांना महागात पडणारं आहे.

## बातम्यांत न येणारे अधिकार

महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे दोन गोष्टी अशा आहेत ज्यांची चर्चा फार कमी होते. घटनेच्या ३७१ (२) कलमानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमून निधीचं न्याय्य वाटप पाहण्याची खास जबाबदारी त्यांच्यावर टाकता येते. १९९४ मध्ये ही मंडळं आली, आणि अनुशेषाच्या वादात राज्यपालांच्या निर्देशांना वजन आलं. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. ज्या प्रदेशात सिंचनाचा अनुशेष हा निवडणुकीचा विषय होतो, तिथे ही बातमी आतल्या पानावर गेली.

दुसरी गोष्ट पाचव्या अनुसूचीची. गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा की नाही, की बदल करून लागू करायचा, हे राज्यपालांना अधिसूचनेनं ठरवता येतं. मे २०२० मध्ये कोश्यारींनी वनहक्क कायद्यात असा बदल केला: जिल्हा समितीनं दावा फेटाळला तर वरच्या समितीकडे अपील करण्याची सोय. ज्या राज्यपालांच्या इतर निर्णयांवर इतकी टीका झाली, त्यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय आदिवासींच्या बाजूनं होता, हेही नोंदवायला हवं.

## 'मग हे पद हवंच कशाला?'

हा प्रश्न हमखास येतो. मुख्यमंत्री अचानक वारले, सरकार पडलं, निकाल त्रिशंकू लागला, तर पुढच्या माणसाला शपथ देणारं कुणीतरी लागतंच. ते काम सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिलं तर ते स्वतः कुठल्या तरी पक्षाचे असतात, आणि न्यायाधीशांकडे दिलं तर पुढे तोच वाद त्यांच्यापुढे खटला म्हणून येऊ शकतो.

## 'राज्य सरकारंही घाईत वाईट कायदे करतातच की'

करतात. म्हणूनच विधेयक एकदा परत पाठवण्याची सोय आहे आणि ती वापरणारा राज्यपाल आपलं कामच करतो. कारण लिहून परत पाठवलेल्या विधेयकावर सभागृहात चर्चा होऊ शकते. कपाटात ठेवलेल्या विधेयकावर होत नाही.

## 'राज्यपालांना कोर्टात खेचता येत नाही ना?'

व्यक्ती म्हणून नाही. ३६१ व्या कलमानं त्यांना ते संरक्षण दिलं आहे. पण त्यांच्या अनेक निर्णयांची तपासणी होऊ शकते, आणि या लेखातली निम्मी उदाहरणं तशाच खटल्यांतून आली आहेत.

## 'मग मुदत घटनेतच का लिहीत नाहीत?'

शिफारसी झाल्या आहेत. विधेयकावरच्या निर्णयासाठी व्यंकटचलय्या आयोगानं २००२ मध्ये चार महिने सुचवले, पुंछी आयोगानं २०१० मध्ये सहा. २०० व्या कलमात तेवढी दुरुस्ती करायला संसदेत दोनतृतीयांश मतं पुरतात, निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही लागत नाही. पण अशी दुरुस्ती मांडणार ते केंद्र सरकार, आणि राज्यपाल नेमणारंही तेच. विरोधात असताना प्रत्येक पक्ष राजभवनाच्या मनमानीवर बोलतो. सत्तेत आल्यावर हे दुरुस्तीचं विधेयक आजवर एकाही सरकारनं मंजूर करून घेतलेलं नाही.